आकाश ढकलतं

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एकदा पाण्याच्या दाबाच्या नियमावर हात वर करून मतदान झालं आणि नियम पडला. नियमाच्या बाजूने मी होते, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते, ज्यांचं सेक्रेटरींशी पार्किंगवरून वाजलं होतं. बाकी सगळी सभा सेक्रेटरींच्या बाजूने. त्या वर झालेल्या हातांत माझ्या आईचाही हात होता. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. जो नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, तो माझ्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसलेल्या शेजाऱ्यांनी बहुमताने फेटाळला, आणि मग सगळ्यांनी वेफर्स खाल्ले.

सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांचं नाव मी घेत नाही. घेतलं तर त्यांचे चाहते माझ्या कॉलेजात फोन करतील. मागे एकदा केले होते.

काका विम्याच्या ऑफिसातून रिटायर झाले, मुलाने त्यांना मोठ्या स्क्रीनचा फोन दिला, आणि मुलुंडला एक स्वतंत्र संशोधक मिळाला. हे बिरूद त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं. त्यांचा सिद्धांत असा, की पृथ्वी कुणालाही ओढत नाही. आकाश ढकलतं. नारळ खाली येतो तो जमीन त्याला बोलावते म्हणून नाही, वरून आकाश त्याला रेटतं म्हणून. "ओढूक दोरी लागता," ते म्हणायचे. काका मूळचे मालवणकडचे, आणि तावात आले की त्यांची मालवणी सुटायची. "पृथ्वीची दोरी दिसली काय तुका खय?"

आपल्या गॅलरीत उभं राहून ते व्हिडिओ करायचे. मागे वाळत घातलेले काकूंचे गाऊन हलत असायचे. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात एकच: "पुस्तक मिटा, डोळे उघडा." आणि शेवटही एकच: "पटत नसेल तर सिद्ध करा." मधल्या वेळात ते जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांना एका दमात निकालात काढायचे. "चारशे वर्षांपूर्वीचा माणूस तो! त्याच्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती का? नळ होता का? मग त्याला दाब काय कळणार?" खाली कमेंटींचा पाऊस. 'सर, मराठी माणसाची मान उंच केलीत.' 'पुस्तकवाल्यांची दुकानं बंद!' काका प्रत्येकाला उत्तर द्यायचे. जेवता जेवता, भाजी निवडता निवडता, एकदा तर एका मयताला गेले असताना तिथल्या बाकावर बसून. उत्तर न देता सोडलेली कमेंट त्यांना हरल्यासारखी वाटायची.

बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत एक ताणकाटा असायचा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला, हूक असलेला. भाजीवाल्यांना वाटायचं, म्हातारा आपलं माप तपासतोय. ते आपण होऊन दोन मिरच्या जास्त टाकायचे. काकांना त्या मापाशी काही देणंघेणं नव्हतं. ते कोबीचा एकच गड्डा आधी कंपाउंडमध्ये तोलायचे आणि मग सगळे जिने चढून गच्चीवर तोलायचे. गच्चीवर आकाश जवळ, म्हणून ढकल जास्त, म्हणून कोबी जड भरायला हवा. आणि तो भरायचाच! आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. एवढे जिने चढून आलेल्या सत्तरीच्या माणसाचा हात थरथरतो, हात थरथरला की काटा नाचतो, आणि नाचणारा काटा ज्या सगळ्यात मोठ्या आकड्याला शिवून येईल तो काका खरा मानायचे.

"काका, जरा दम घ्या आणि मग बघा," मी एकदा म्हटलं.

"दम घेतला की ढकल अंगात मुरता," ते म्हणाले. यावर काय बोलणार, कपाळ?

कांदिवलीहून त्यांना भेटायला एकदा एक गृहस्थ आले होते. त्यांचा स्वतःचा वेगळा सिद्धांत होता. त्यांच्या मते सगळं चुंबकाने होतं. माणसाच्या रक्तात लोह असतं म्हणून माणूस जमिनीला धरून राहतो. या दोघांनी कितीतरी दिवस एकमेकांना कमेंटींमध्ये 'अर्धवट' आणि 'शाळा सोडलेला' म्हणून घेतलं होतं. शेवटी समोरासमोर वाद करायचं ठरलं आणि काकांनी पंच म्हणून मला बोलावलं. मी घाबरत घाबरत गेले. काकूंनी सुरमई तळली होती. वाद जेवणाआधी सुरू झाला, सुरमई आल्यावर थांबला, आणि सोलकढी पिऊन होईपर्यंत तह झाला होता. आकाश वरून ढकलतं आणि चुंबक खालून धरून ठेवतं. दोघांनी गळ्यात हात टाकून सेल्फी काढला. त्या सबंध प्रकरणात चुकीचं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. कारण माझ्याकडे डिग्री होती.

हे सगळं मी आज हसण्यावारी सांगतेय खरं. तेव्हाही बराच काळ मी हसतच होते. आमच्या स्टाफरूममध्ये मी काकांच्या नकला करायचे आणि मंडळी पोट धरून हसायची.

एकदा मात्र मला वाटलं होतं की हा माणूस वळेल. चहाला आले होते. म्हणाले, गावच्या शाळेत असताना मी मास्तरांना विचारलं, पृथ्वी सगळ्यांना ओढते तर मग चंद्र का पडत नाही? मास्तरांनी उत्तर म्हणून कानाखाली वाजवली. "अजून आवाज येतो त्या कानात," ते हसत म्हणाले, पण हात कानावर गेला होता. मला त्या न पाहिलेल्या मास्तरांचा संताप आला. केवढा चांगला प्रश्न! माझ्या वर्गात एखाद्या मुलीने हा प्रश्न विचारला तर मी तिला फळ्यापाशी बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावीन.

मी वर्तमानपत्राच्या समासात पृथ्वी काढली, चंद्र काढला. म्हटलं, "काका, चंद्र पडतोच आहे. सतत पडतोय. पण पडता पडता तो इतक्या जोरात बाजूला धावतोय की पृथ्वीचा गोल त्याच्याखालून वळत जातो. त्यामुळे त्याचं पडणं संपत नाही." काका त्या चित्राकडे बघत राहिले. बशीतला चहा निवला. मला शपथेवर सांगता येईल, त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत तो शाळकरी पोरगा जागा झाला होता. "म्हणजे पडताच," ते हळूच म्हणाले. "पडता, पण आपटत नाय." मी मनातून इतकी खूश झाले की त्यांना अजून एक लाडू वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ आला. 'पुस्तकी पंडित म्हणतात, चंद्र पडतोय! डोक्यावर हेल्मेट घाला रे!' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्याला समजलं होतं. हे मी कधीच विसरणार नाही. माणसाला समजलं होतं, आणि समजलेलं त्याने रात्रीतून पुसून टाकलं, कारण ते समजलं असं सांगितलं तर चॅनल बंद करावं लागलं असतं.

आता कुणी म्हणेल, अशा माणसाला सोडून द्यावं, ब्लॉक करून मोकळं व्हावं. नुसता मूर्ख माणूस असता तर मीही तेच केलं असतं. पण माझ्या बाबांना पक्षाघात झाला तेव्हा हेच काका दर रविवारी सकाळी वस्तरा आणि साबण घेऊन वर यायचे. नर्सला बाबा हात लावू द्यायचे नाहीत. काका आमच्या बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला बसून त्यांची दाढी करायचे आणि करता करता सांगायचे, "भाऊ, तुमचा गाल लोंबता तो आकाशाच्या ढकलीन. माझो दोष नाय." बाबांचं अर्धं तोंड हसायचं. त्या वर्षात बाबांना हसवणारा तो एकटाच माणूस. बाबा गेले त्या दिवशी पहिल्या खांद्यापासून शेवटच्या कागदापर्यंत सगळं त्यांनी केलं, आणि महिनाभर काकूंकरवी आमच्याकडे डबा पाठवला. आईसाठी ते देवमाणूस होते. "भावजी बोलतात ते बोलू देत गं," ती म्हणायची. "माणूस सोन्यासारखा आहे." बाबांनंतर आई त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपायची.

टाकीचं प्रकरण आईच्या बादलीवरून सुरू झालं. आम्ही चौथ्या मजल्यावर, सगळ्यात वर. आमच्या समोरच्या फ्लॅटला कुलूप, मालक परदेशात. आमच्या नळाला धार करंगळीएवढी. आईची बादली भरायची म्हणजे तोवर पोळ्या लाटून व्हायच्या. काकांनी हे एकदा पाहिलं आणि ते हळहळले. "वहिनी, तुमचो नळ मी सोडवतंय," त्यांनी शब्द दिला.

साधी गोष्ट होती. पाइप जुने, आतून गंजून बुजलेले. ते बदलले असते तर काम झालं असतं. पण काकांना त्यात सिद्धांत दिसला. टाकीतल्या पाण्याला दाब येतो कुठून? आकाशाच्या ढकलीतून. आकाश ढकलतं कुठे? पाण्याच्या पृष्ठभागावर. मग पृष्ठभाग वाढवा, दाब वाढेल! त्यांनी योजना काढली. जिन्याच्या खोलीवरची जुनी, उंच टाकी बंद करायची आणि गच्चीवर पसरट हौद बांधायचा, विटांचा, आतून टाइल्स लावलेला. जिन्याच्या खोलीवर एवढा हौद मावणार नव्हता, म्हणून तो थेट गच्चीच्या स्लॅबवर. नेमका आमच्या बेडरूमच्या डोक्यावर.

आधी अर्थातच व्हिडिओ केला. एक बाटली आणि एक टब. दोन्हींना सारख्या उंचीवर सारखंच भोक, दोन्हींत सारख्याच पातळीपर्यंत पाणी. भोकं उघडली. सुरुवातीला दोन्ही धारा सारख्या लांब पडल्या. मग बाटलीची धार मलूल होत गेली आणि टबाची तशीच जोरात राहिली. "पुस्तक मिटा, डोळे उघडा!" काका ओरडले. "टब रुंद, म्हणून ढकल जास्त!"

तो व्हिडिओ भलताच चालला. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला तो दाखवला आणि विचारलं, "मॅम, हे तर दिसतंय ना डोळ्यांसमोर. मग तुम्ही शिकवता ते काय?" तिचं काही चुकत नव्हतं. मी तिला सांगितलं, बाटलीत पाणीच थोडं असतं, म्हणून तिची पातळी भराभर उतरते, आणि दाब पातळीच्या उंचीवर असतो, रुंदीवर नाही. हेच मी त्या व्हिडिओखालीही लिहिलं, नम्रपणे, 'काका' म्हणून. तासाभरात माझ्या आईबापांचा, जातीचा, डिग्रीचा आणि अजून लग्न का झालं नाही याचा हिशेब मांडून झाला होता. काका त्या गर्दीत होते. प्रत्येकाला उत्तर देत होते. एकालाही 'गप रे, ती आमच्या घरातली पोर आहे' म्हणाले नाहीत. संध्याकाळी नेहमीसारखे चहाला आले आणि आईने दिलेलं बिस्कीट बुडवून खाल्लं.

सभेला मी बाटली आणि टब घेऊन गेले. सगळ्यांसमोर तोच प्रयोग केला, फक्त एक बदल. बाटलीची पातळी उतरू लागली की मी तांब्याने वरून पाणी घालत राहिले, दोन्हींतली पातळी सारखी राहील असं. दोन्ही धारा लादीवर एकाच रेषेत पडत राहिल्या. शेवटपर्यंत. मी वर बघितलं. आता बोला.

काका उठले. अजिबात न चिडता, लग्नात आहेर द्यायला उठावं तसे. "मॅडमनी फार छान प्रयोग केला," ते म्हणाले. "फक्त मला एक सांगा मंडळी, बाटलीत वरून पाणी कोण ओतत होतं? मॅडम! म्हणजे बाटलीला वरून ढकलत कोण होतं? मॅडम! आकाश कमी पडत होतं, ते काम मॅडमनी केलं, म्हणून धार टिकली. माझा सिद्धांत सिद्ध केल्याबद्दल मी सोसायटीतर्फे मॅडमचे आभार मानतो."

टाळ्या. अहो, खरोखर टाळ्या! हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथे ओल्या लादीवर तांब्या घेऊन उभी.

मी वजनाचं विचारलं. एवढं पाणी, एवढ्या विटा, जुन्या बिल्डिंगचा स्लॅब. निदान एखाद्या इंजिनिअरला दाखवा. काका म्हणाले, "तोही त्याच पुस्तकातून शिकलेला ना?" पुन्हा हशा. "आणि वजन कसलं, बाय? सगळी ढकल पायपातून निघून जाते. स्लॅबवर उरतं काय?" खालच्या मजल्यांवरच्या लोकांना सिद्धांताशी कर्तव्य नव्हतं. नवीन, जाड पाइप मिळणार होते. पाणी आणखी साठणार होतं. त्यांनी हात वर केले.

"तू कशाला हात वर केलास?" घरी आल्यावर मी आईवर ओरडले.

"तुझ्या बाबांची दाढी करायचे ते. त्यांच्या विरुद्ध जाऊ?"

"विरुद्ध कोण म्हणालं? खाली ठेवायचा होतास नुसता!"

"ते माझ्याकडेच बघत होते गं," आई म्हणाली.

हौद झाला. पूजा झाली, नारळ फुटला, आणि त्याचाही व्हिडिओ झाला. जाड पाइपांमुळे खालच्या मजल्यांवर धो धो पाणी आलं आणि सगळीकडे सिद्धांताचा जयजयकार झाला. आमच्याकडे, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता त्यांच्याकडे, धार आणखी बारीक झाली. व्हायचीच. टाकी एका मजल्याएवढी खाली आली होती, आणि नवे जाड पाइप पाणी आधी खालच्या मजल्यांना नेत होते. काका म्हणाले, तुमच्या नळात हवा अडकली आहे.

मग आईच्या खोलीच्या छताला ओल आली. ओलीतून एक चीर निघाली, ती पंख्याच्या हुकापर्यंत गेली. गॅलरीचं दार चौकटीत अडकायला लागलं. आई रोज सकाळी चादरीवरून पांढरी भुकटी झटकायची. मी तिला म्हटलं, हॉलमध्ये झोप. तर म्हणे भावजींना विचारलं, ते म्हणाले रंगाचे पोपडे आहेत. भावजी रोज येत होते. हॉलमध्ये बसून चहा पीत होते. मी लेखी तक्रार केली, त्यांनी ती समितीपुढे ठेवतो म्हणून खिशात घातली. गच्चीची चावी त्यांच्याकडेच असायची. मी हौद रिकामा करा म्हणून हात जोडले, आवाज चढवला, जिन्यात भांडले. त्यांचं एकच. "बाय, एवढी माणसं तो हौद बघतत. उद्या रिकामो केलो तर काय सांगू त्यांका?"

एका दुपारी आई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली आणि मागे धप्प आवाज झाला. मी धावले. छताचा गिलावा तिच्या उशीवर पडला होता. चांगला जाडजूड तुकडा, पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढा. उशीत मधोमध रुतला होता, डोकं असतं तिथेच. वर गंजलेल्या सळया दिसत होत्या.

मी बोंबलतच जिना उतरले. लाज वगैरे सगळी गुंडाळून ठेवली. समितीतली जी दोन माणसं घरी सापडली त्यांना हाताला धरून वर आणलं, आणि काकांना आणलं. ती दोघं आत गेली, छताकडे बघितलं, उशीकडे बघितलं, आणि पटकन भिंतीकडेला सरकली. त्यातला एक "अरे बापरे, वाट लागली" एवढंच म्हणाला. आई आत पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसली होती. तिला मी दोनदा उठवलं, ती उठली नाही. तिला अजूनही वाटत होतं की हे सगळं मी भावजींना लोकांसमोर कमी दाखवायला करतेय. तिला त्यांची लाज राखायची होती.

"या ना भावजी," ती म्हणाली. "बघा तरी. ही उगाच घाबरते."

काका उंबऱ्याबाहेर उभे होते.

"दिसतंय वहिनी इथून," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हौद झाल्यापासून हा माणूस रोज आमच्या घरी आला होता आणि या खोलीत एकदाही शिरला नव्हता. ज्या खोलीत ते वर्षभर बिनदिक्कत आत यायचे, ज्या पलंगावर बसून त्यांनी बाबांची दाढी केली, त्या खोलीत. मी एवढी शिकवते, मला हे दिसलं नव्हतं.

"काका, आत या," मी म्हटलं. "सगळी ढकल पायपातून निघून जाते ना? स्लॅबवर काही उरत नाही ना? मग या. बसा आईशेजारी."

"गुडघो दुखता गे माझो."

"दोन मजले चढून आलात. दोन पावलं टाका."

आईने पलंगावर आपल्या शेजारी हात थोपटला. "या, बसा भावजी." काकांनी उजवा पाय उचलला. मी बघत होते, समितीतले दोघं बघत होते, आई बघत होती. पाय उंबऱ्यावर अधांतरी राहिला. त्यांनी वर छताकडे पाहिलं. आणि पाय उचलला होता तिथेच, बाहेरच्या लादीवर, परत ठेवला.

आईचा थोपटणारा हात थांबला. ती त्यांच्या पायाकडे बघत होती, मग चेहऱ्याकडे. मग ती सावकाश उठली, पदर सारखा केला, आणि खोलीबाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"चावी द्या," ती म्हणाली.

आईचा तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. काकांनी खिशातून चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. ती मला देऊन म्हणाली, "जा, सोड पाणी." मी गच्चीवर जाऊन हौदाचा खालचा वॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवून उघडला. गच्चीच्या पन्हळांतून पाणी कंपाउंडमध्ये कोसळायला लागलं आणि खालच्या खिडक्यांतून लोक ओरडायला लागले, "ओ मॅडम, पाणी वाया जातंय!" मी वरून त्यांना जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

पुढे हौद तोडला. स्लॅबला टेकू लावले, दुरुस्ती झाली. काकांनी सेक्रेटरीपद सोडलं, तब्येतीचं कारण देऊन. आमच्याकडे चहाला यायचे थांबले, आणि नंतर काकूंना घेऊन गावी राहायला गेले. चॅनल चालूच आहे. आता मागे गाऊनऐवजी माड हलतात. हौदाचा विषय निघाला की ते सांगतात, प्रयोग यशस्वी झाला होता, पण काही पुस्तकी लोकांनी तो बंद पाडला. खाली लोक लिहितात, 'सत्याला नेहमीच विरोध होतो सर.'

मला विचाराल तर अडाणीपणाचा मला राग येत नाही. माझं पोटच त्यावर चालतं. मुलांना येत नसतं म्हणून तर मी शिकवते. मला राग येतो तो या माणसाला सगळं ठाऊक होतं याचा. वजन म्हणजे काय ते त्याच्या पायाला कळत होतं, आणि तरी त्याने माझ्या आईला सांगितलं, पोपडे आहेत, झोपा. त्या फोनमधल्या, कधी न भेटलेल्या माणसांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून. बाबांच्या गालावरून वस्तरा किती जपून फिरवायचा तो माणूस! हे दोन्ही एकाच माणसात कसं राहतं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही, आणि त्याचा मला जास्तच राग येतो.

आईने त्यांच्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. पण गेल्या दिवाळीत तिने मला हाक मारली. हातात तिचा फोन होता, काकांचा व्हिडिओ लावलेला. "इथे खाली लिहितात तसं मला लिहायचंय," ती म्हणाली. मी तिला खातं उघडून दिलं आणि म्हटलं, सांग, मी टाइप करते. मला वाटलं शिव्या सांगेल. निदान मी तशी आशा केली. तिने एकच वाक्य सांगितलं आणि ते तसंच लिहायला लावलं.

'भावजी, तुम्ही त्या दिवशी आत का आला नाहीत?'

काकांनी त्या व्हिडिओखाली सगळ्यांना उत्तरं दिली. शुभेच्छा देणाऱ्यांना, शिव्या देणाऱ्यांना, स्पेलिंग चुकवणाऱ्यांना. आईच्या वाक्याच्या वर उत्तर आहे आणि खाली उत्तर आहे. तिला नाही. ते वाक्य त्यांनी पुसूनही टाकलेलं नाही. त्यांच्या चाहत्यांपैकी कुणी कुणी अजून तिथे विचारतात, 'आजी, आत म्हणजे कुठे?'

मी आईला म्हटलं, सांगू का यांना सगळं? लिहू?

"नको," आई म्हणाली. "ज्यांना विचारलंय त्यांना ठाऊक आहे."